सुईतला पावसाळा

जून सरत आला की मांगूर माशाच्या मादीचं पोट दोन्ही बाजूंनी फुगतं आणि हाताला मऊ लागतं. जननछिद्राभोवतीचा भाग लालसर होतो. ती शेततळ्यात असो, सिमेंटच्या टाकीत असो की ताडपत्रीच्या गोल हौदात, हे घडतंच. अंडाशयात काही हजार अंडी तयार असतात, खाणं वेळेवर मिळालेलं असतं, शेजारी नरही असतो. तरीही बंदिस्त पाण्यातली मादी बहुधा अंडी घालत नाही. श्रावण-भाद्रपद उलटतात, पोट हळूहळू आत जातं आणि ती हजारो अंडी तिच्याच शरीरात विरून जातात. मत्स्यशेतीतल्या एका फार मोठ्या शोधाची सुरुवात या न घातलेल्या अंड्यांपासून होते.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात बसून या प्रश्नाकडे पाहायला खास कारण आहे. इथे वर्षाचा पाऊस सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. २०१६ साली राज्य सरकारनं ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आणली आणि मराठवाड्यात गावोगावी प्लॅस्टिकच्या अस्तराची तळी झाली. ती खोदली फळबागेसाठी. पण पाणी साठलं की त्यात मासा सोडावा हा विचार शेतकऱ्याच्या मनात येतोच. अडचण उन्हाळ्याची. मार्च-एप्रिलपर्यंत पाणी कमरेखाली येतं, तापतं, त्यातला विरघळलेला प्राणवायू कमी होतो. कटला-रोहूला ते सोसत नाही. पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड उघडून धापा टाकू लागले की शेतकरी समजायचं ते समजतो. मांगूरचं तसं नाही. त्याच्या कल्ल्यांच्या वर झाडाच्या फांद्यांसारखा एक जादा श्वसनेंद्रियाचा गुच्छ असतो. तो वर येतो, हवेचा घोट घेतो आणि पुन्हा तळाशी जातो. थोड्या, कोमट, गढूळ पाण्यात जगणारा आणि बाजारात जिवंत विकता येणारा मासा दुष्काळी मुलखाला हवाच असतो.

पण त्याचं बी कुठून आणायचं? पैठणला जायकवाडी धरणाच्या पायथ्याशी सरकारी मत्स्यबीज केंद्र आहे आणि तिथलं मुख्य काम कटला, रोहू, मृगळ या कार्प माशांचं. मांगूरचं बी मोठ्या प्रमाणावर येतं ते पश्चिम बंगालमधून. कोलकात्याच्या उत्तरेचं नैहाटी हे त्या व्यापाराचं जुनं ठाणं. प्राणवायू भरलेल्या पिशव्यांतून दीड-दोन हजार किलोमीटर प्रवास करून आलेली बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, किती जगणार, आणि मुळात ती मांगूरचीच असणार का, हे दोन्ही प्रश्न घेणाऱ्याच्या डोक्यावर राहतात. दुसऱ्या प्रश्नाकडे पुढे यावंच लागेल. आधी हे पाहू, की मादी अंडी का अडवून धरते.

नदीतली, दलदलीतली मांगूर पावसाची वाट पाहते. पहिले मोठे पाऊस होऊन पाणी शेतात पसरलं, उथळ झालं, थोडं थंड झालं की जोडी भाताच्या खाचरात किंवा तळ्याच्या काठच्या मऊ मातीत खळगा करते. मादी त्यात अंडी घालते आणि नर ती राखत बसतो. नव्या पाण्याचा वास, खाली आलेलं तापमान, वाढलेली पातळी, लांबलेला दिवस हे सगळं माशाचा मेंदू वाचत असतो. अंडी तयार होणं आणि अंडी बाहेर पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला खाणं आणि ऋतू पुरतो, दुसरीला खूण लागते. जायकवाडीचा नाथसागर जलाशय काठोकाठ भरला तरी धरणाचे सत्तावीस दरवाजे पाणी भरलं म्हणून आपोआप उघडत नाहीत, आदेश यावा लागतो. हौदातल्या मादीचं नेमकं हेच झालेलं असतं. तिला आदेश देणारा पूर आलेलाच नसतो.

हा आदेश शरीरात कुठून सुटतो याचा पहिला सुगावा दक्षिण अमेरिकेत लागला. अर्जेंटिनाचे बर्नार्डो हुसे यांनी १९३० साली पिल्लं देणाऱ्या एका लहान माशाला दुसऱ्या माशाच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचला आणि पिल्लं वेळेआधी बाहेर आली. पीयूषिका ही मेंदूच्या तळाशी लोंबणारी, डाळीच्या दाण्याहून लहान ग्रंथी. हुसे यांना पुढे १९४७ मध्ये नोबेल मिळालं ते माशांसाठी नव्हे, पण त्यांचा हा प्रयोग वाचून ब्राझीलचे रोडोल्फो फॉन इहेरिंग यांनी ग्रंथीचा अर्क शेतीच्या कामाला लावला. ते काम कुठल्या प्रदेशात झालं हे मला महत्त्वाचं वाटतं. ब्राझीलचा ईशान्य भाग हा वारंवार दुष्काळ पडणारा मुलूख. सरकारनं तिथे जलाशय बांधले होते आणि त्यांत सोडायला मासे हवे होते. म्हणजे पीयूषिकेची सुई जन्माला आली ती आपल्यासारख्याच कोरड्या जमिनीवर, धरणं भरली पण मासे नाहीत या अडचणीतून.

भारतात ही गोष्ट सांगताना १० जुलै १९५७ ही तारीख येतेच. त्या दिवशी ओडिशातल्या अंगुलच्या मत्स्यकेंद्रात हिरालाल चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पीयूषिकेच्या अर्कानं भारतीय कार्प माशांचं बंदिस्त पाण्यात प्रजनन घडवलं, आणि म्हणून १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन आहे. त्याआधी बी म्हणजे नदीच्या पुरात जाळी लावून गोळा केलेलं मिश्र जिरं, म्हणजे अगदी बारीक पिल्लं, ज्यात कटल्याबरोबर कटल्याला खाणारी पिल्लंही असत. अंगुलनंतर हे चित्र पालटलं, त्याचं श्रेय चौधुरींना मिळालं आणि ते योग्यच आहे. पण त्याच्या एक वर्ष आधी, १९५६ मध्ये, एल. एस. रामस्वामी आणि बी. आय. सुंदरराज यांनी शिंगी या मांगूरसारख्याच मिशावाल्या माशाला पीयूषिकेचा अर्क टोचून अंडी घालायला लावली होती आणि त्याचा वृत्तांत ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आला होता. पुढच्याच वर्षी त्यांनी मांगूरवरही तसंच काम केलं. मिशावाल्या माशांचा हा पहिलेपणा आपल्या पुस्तकांत फारसा सांगितला जात नाही. सुंदरराज पुढे दोन दशकं शिंगी माशाच्या अंड्याच्या पक्वतेचा अभ्यास करत राहिले. भारतातल्या मत्स्यसंप्रेरकशास्त्राची एक शाखाच या एका काटेरी, दंश करणाऱ्या माशावर उभी आहे.

अर्काची पद्धत चालली, अजूनही काही ठिकाणी चालते, पण ती कष्टाची आहे. बाजारात मासा कापला जातो तिथे बसून मुंडकी घ्यायची, कवटीचा वरचा भाग उघडायचा, मेंदू उचलायचा आणि खालची पांढुरकी ग्रंथी चिमट्यानं काढून शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवायची. एका ग्रंथीचं वजन काही मिलिग्रॅम. मांगूरच्या मादीला किलोमागे तीस-चाळीस मिलिग्रॅम ग्रंथी लागते. शिवाय ग्रंथी कुठल्या माशाची, तो पक्व होता की नाही, कुठल्या महिन्यात मारला, यावर तिच्यातल्या संप्रेरकाचं प्रमाण बदलतं. त्यामुळे एकाच मात्रेनं एका दिवशी टोपली भरून अंडी मिळत आणि दुसऱ्या दिवशी काहीच नाही.

पीयूषिकेलाही हुकूम देणारं कुणीतरी वर असतं. मेंदूतला हायपोथॅलॅमस नावाचा भाग दहा अमिनो आम्लांची एक छोटी साखळी सोडतो, ती पीयूषिकेला जागं करते, पीयूषिका रक्तात जननग्रंथी-उद्दीपक संप्रेरक सोडते, आणि ते अंडाशयापर्यंत पोचलं की अंड्याचा केंद्रक कडेला सरकतो, विरघळतो, अंडं सुटं होतं. सस्तन प्राण्यांमधल्या या साखळीची रचना १९७१ मध्ये उलगडली. अँड्र्यू शॅली डुकरांच्या मेंदूवर काम करत होते, रोजे गिल्मॅ मेंढ्यांच्या. लाखो मेंदूंचे तुकडे गोळा करून दोघांनी अगदी थोडा पदार्थ वेगळा केला आणि १९७७ च्या नोबेलमध्ये दोघांचाही वाटा होता. साखळी प्रयोगशाळेत बनवता येऊ लागली तसं मत्स्यतज्ज्ञांना वाटलं, आता मुंडकी फोडायला नको. नैसर्गिक साखळी शरीरातल्या विकरांपुढे काही मिनिटं टिकते, म्हणून तिच्यातलं एक-दोन अमिनो आम्ल बदलून टिकाऊ नमुने तयार झाले. ते कार्पला टोचले, मिशावाल्या माशांना टोचले, आणि पुष्कळदा काहीच घडलं नाही.

या अपयशाचं कारण कॅनडात, एडमंटनच्या अल्बर्टा विद्यापीठात, रिचर्ड पीटर यांना सोनेरी माशामध्ये सापडलं. माशाच्या मेंदूतून पीयूषिकेकडे दोन संदेश एकाच वेळी जात असतात. एक सोड म्हणतो, दुसरा थांब म्हणतो. थांबवणारा पदार्थ डोपामाइन. पूर, पाऊस, योग्य जोडीदार हे सगळं जुळून येतं तेव्हा सोडणारा संदेश वाढतो आणि डोपामाइनचा अटकाव सैल होतो. बाहेरून नुसता पहिला संदेश वाढवला तर अटकाव तसाच राहतो. हॉलंडमधल्या उट्रेख्तच्या संशोधकांनी आफ्रिकी मांगूरवर १९८० च्या दशकात हेच दाखवलं. पीटर यांनी चीनमधल्या ग्वांगजौच्या लिन हावरान यांच्याबरोबर यातून एक पद्धत बसवली: टिकाऊ साखळी आणि डोपामाइनला अडवणारं औषध, दोन्ही एकाच सुईत. दोघांच्या आडनावांवरून तिला ‘लिनपे’ म्हणतात. आज जगभरच्या गोड्या पाण्याच्या हॅचऱ्यांतली बहुतेक इंजेक्शनं या पद्धतीचीच रूपं आहेत.

वाढ न थांबवता प्रजनन मात्र रोखून धरणारी ही यंत्रणा निसर्गानं माशांपुरती ठेवलेली नाही, आणि इथे संभाजीनगरचा एक धागा आपोआप जोडला जातो. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात प्रा. आर. नागभूषणम् आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षं गोड्या पाण्यातल्या खेकड्यांच्या संप्रेरकांवर काम केलं. ओढ्याकाठी, विहिरीच्या दगडांत सापडणारा आपला काळपट खेकडा त्यांच्या टेबलावर होता. खेकड्या-कोळंबीच्या डोळ्याच्या देठात एक छोटं केंद्र असतं आणि तिथून जननग्रंथीला थांबवणारं संप्रेरक स्रवतं. देठ काढला की अंडाशय वाढू लागतं. किनाऱ्यावरच्या कोळंबी हॅचऱ्यांमध्ये मादीचा एक डोळा काढण्याची जी पद्धत रूढ झाली ती याच तत्त्वावर. माशात अटकाव मेंदूतून, खेकड्यात डोळ्याच्या देठातून. अवयव वेगळे, पण सबुरीची व्यवस्था दोघांत आहे, कारण चुकीच्या वेळी घातलेली अंडी म्हणजे वर्षभराची मेहनत वाया. नागभूषणम् यांनी नंतर अमेरिकेत मिल्टन फिंगरमन यांच्याबरोबर याच क्षेत्रात पुस्तकं संपादित केली. मराठवाड्याच्या विद्यापीठात हे मूलभूत काम झालं होतं ही गोष्ट इथल्या मत्स्यशेतीच्या प्रशिक्षणात आवर्जून सांगायला हवी असं मला मनापासून वाटतं. आपण केवळ बाहेरचं तंत्र वापरणारे नव्हतो.

डोपामाइन अडवणारं औषध म्हणून आज सर्वांत जास्त वापरलं जातं ते डॉमपेरिडोन. वाचकांच्या घरात ते असण्याची दाट शक्यता आहे, कारण मळमळ-उलटीवर आणि पित्ताच्या कॅप्सूलमध्ये डॉक्टर तेच देतात. त्याची निवड योगायोगानं झालेली नाही. हे औषध रक्तातून मेंदूच्या आत सहसा शिरत नाही. पीयूषिका मात्र त्या संरक्षक भिंतीच्या बाहेर असते. त्यामुळे माशाच्या बाकीच्या मेंदूला फारसं न छेडता ते नेमकं जिथला अटकाव काढायचा तिथेच पोचतं. कॅनडाच्या सिंडेल कंपनीच्या ‘ओव्हाप्रिम’मध्ये एका मिलिलिटरला २० मायक्रोग्रॅम साखळी आणि १० मिलिग्रॅम डॉमपेरिडोन असतं. आपल्याकडे मुंबईच्या हेमो फार्मानं ‘ओव्हाटाइड’ आणलं, मुंबईच्याच बायोस्टॅडचं ‘वोव्हा-एफएच’ आहे. मांगूरला किलोमागे साधारण एक ते दीड मिलिलिटर मात्रा देतात. म्हणजे दीडशे ग्रॅमच्या मादीला किलोमागे एक मिलिलिटर या हिशेबानं ०.१५ मिलिलिटर, आणि त्यात साखळी फक्त तीन मायक्रोग्रॅम. एवढ्याशा थेंबात पावसाळा मावतो.

सुई टोचली की काम संपलं असं मात्र मुळीच नाही. खरं काम तीन-चार महिने आधी सुरू झालेलं असतं. प्रजनक मासे वेगळ्या तळ्यात, दाटी न करता, प्रथिनं भरपूर असलेल्या खाद्यावर पोसावे लागतात. मराठवाड्यात एप्रिल-मे मध्ये पारा चाळीसच्या वर जातो तेव्हा पाण्यावर सावली आणि पाण्याची खोली जपावी लागते. जून-जुलैत मासे निवडायचे. नराची जननकळी लांब आणि टोकदार असते, मादीची गोल, बटणासारखी. मादीचं पोट नुसतं मोठं असून भागत नाही. भरपेट खाल्लेल्या माशाचंही पोट मोठं दिसतं. म्हणून एक दिवस उपाशी ठेवून पाहतात. अंडी अपक्व असतील तर सुईतला कुठलाही पदार्थ ती पक्व करत नाही. माझ्या मते नव्या हॅचरीतलं बहुतेक अपयश इथलं असतं. दोष मात्र इंजेक्शनच्या बाटलीला दिला जातो.

इंजेक्शन संध्याकाळी देतात. ओल्या फडक्यात मासा धरून, पाठीच्या पराजवळच्या मांसल भागात, पार्श्वरेषेच्या वर. मांगूरच्या छातीच्या पराला काटा असतो, तो हातात शिरला की बराच वेळ ठणकतो, म्हणून फडकं लागतंच. मग वाट पाहायची. मांगूरमध्ये साधारण सोळा-सतरा तासांनी अंडी सुटतात, म्हणून संध्याकाळी सहाला टोचलं तर सकाळी दहा-अकराच्या सुमारास हॅचरीत सगळे उभे असतात. हा काळ तापमानावर फार अवलंबून असतो. आफ्रिकी मांगूरमध्ये तो काटेकोर मोजलेला आहे: पाणी २० अंशांवर असेल तर सुमारे २१ तास, २५ वर ११ तास, ३० वर फक्त ७. पाण्यात थर्मामीटर न ठेवता घड्याळाकडे बघणारा माणूस हमखास चुकतो. लवकर दाबलं तर अंडी निघत नाहीत आणि रक्त येतं. उशीर झाला तर अंडी पोटातच शिळी होतात आणि फलनाचं प्रमाण झपाट्यानं घसरतं. योग्य वेळी मादीचं पोट छातीकडून मागे हलक्या अंगठ्यानं दाबलं की तपकिरी-हिरवट, चकचकीत अंडी धार लागल्यासारखी बाहेर येतात. ती कोरड्या ट्रेमध्ये घ्यायची. पाण्याचा एक थेंबही आधी लागता कामा नये, कारण पाणी लागताच अंडं फुगू लागतं आणि शुक्राणू आत शिरायचं सूक्ष्म छिद्र थोड्याच वेळात बंद होतं.

आता नराकडे येऊ. हा या तंत्राचा सर्वांत अवघड भाग आहे आणि माहितीपर पुस्तकांत तो एका वाक्यात उरकला जातो. कार्पच्या नराचं पोट दाबलं की पांढरं वीर्य बाहेर येतं, नर पुन्हा तळ्यात सोडता येतो. मांगूरच्या नराचं येत नाही. त्याची वृषणं लहान, वीर्य थोडं, आणि नळीच्या वाटेवर वीर्यकोशांच्या गुंतागुंतीच्या पिशव्या. निसर्गात त्याला एका खळग्यात एका मादीची अंडी फलित करायची असतात, नदीच्या प्रवाहात वीर्याचा ढग सोडायचा नसतो, म्हणून त्याला जास्तीची गरजच पडली नाही. हॅचरीत मात्र नराला मारून, पोट उघडून वृषणं काढावी लागतात, ती ०.९ टक्के मिठाच्या पाण्यात कुस्करायची आणि गाळलेला द्राव अंड्यांवर टाकायचा. मग पक्ष्याच्या स्वच्छ पिसानं ते हलकेच मिसळायचं, कारण बोट किंवा चमचा अंड्याला इजा करतो. त्यानंतर पाणी. पाणी लागल्यावर शुक्राणू जेमतेम मिनिटभर पोहतात, आणि जे घडायचं ते त्या मिनिटात घडतं.

एका नराचं वीर्य दोन-तीन माद्यांना पुरतं. दर हंगामाला प्रत्येक हॅचरी आपले सर्वांत चांगले, सर्वांत मोठे नर मारते, कारण वृषणं मोठ्या नराची मोठी असतात. नर वाचवण्याच्या दिशेनं काम चाललेलं आहे. मुंबईत वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेत चिटोसनच्या अतिसूक्ष्म कणांवर संप्रेरक चढवून मांगूरवर प्रयोग झाले आहेत. चिटोसन हे कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून बनतं. त्यावर बसवलेलं संप्रेरक हळूहळू सुटतं, परिणाम लांबतो, जननग्रंथी अधिक चांगल्या भरतात. कोळंबीच्या टाकाऊ कवचांचा ढीग या किनाऱ्यावर रोजच पडतो, त्याचा हा उपयोग मला फार आश्वासक वाटतो.

फलित अंडी चिकट असतात. उथळ ट्रेमध्ये एकेरी थरात पसरून त्यावरून पाण्याची बारीक धार सोडतात. मेलेलं अंडं पांढरं पडतं, त्यावर बुरशी येते आणि ती शेजारच्या जिवंत अंड्यांवर चढते, म्हणून पांढरी अंडी वेचत बसावं लागतं. २६ ते २८ अंशांना चोवीस-सव्वीस तासांत पिल्लं निघतात, जेमतेम पाच मिलिमीटरची. तीन-चार दिवस ती पोटाच्या पिशवीतल्या बलकावर जगतात. मग त्यांना जिवंत खाणं हवं: आर्टेमियाची पिल्लं, तळ्यातले सूक्ष्म प्राणी, बारीक केलेले ट्युबिफेक्स कृमी. पावडरचं खाद्य या वयात चालत नाही. दहाव्या-अकराव्या दिवशी हवेतला श्वास घ्यायचं इंद्रिय काम करू लागतं आणि पिल्लू पृष्ठभागाकडे झेप घेतं. तोवर पाणी उथळ ठेवावं लागतं, नाहीतर वर पोचेपर्यंतच त्याची ताकद संपते. मराठवाड्यात छोटी हॅचरी काढणाऱ्याला इंजेक्शनच्या बाटलीपेक्षा या दहा दिवसांची तयारी महाग पडते.

‘हार्मोनचा मासा’ खायचा का, असा प्रश्न अनेकदा विचारला जातो आणि तो टाळण्यासारखा नाही. इंजेक्शन मिळतं ते आईबापांना. ताटात येणारा मासा त्या अंड्यातून निघून आठ-दहा महिने वाढलेला असतो आणि त्याला स्वतःला काहीच टोचलेलं नसतं. तिलापियाच्या काही हॅचऱ्यांत पिल्लांना नर बनवण्यासाठी पहिले तीन-चार आठवडे खाद्यातून पुरुषसंप्रेरक देतात. तो निराळा विषय आहे, त्याचे नियम निराळे, आणि या दोन गोष्टींची गल्लत होऊ नये.

आता बोटुकली कुणाची या प्रश्नाकडे. भारतीय मांगूरला शास्त्रात बराच काळ क्लॅरियस बॅट्राकस म्हणत. २००८ नंतर ते नाव जावातल्या माशापुरतं ठेवून आपल्या माशाला क्लॅरियस मागूर हे स्वतंत्र नाव देण्यात आलं. निसर्गसंरक्षणाच्या जागतिक यादीत तो संकटग्रस्त आहे. त्याची वाढ संथ; वर्षभरात शे-दीडशे ग्रॅम. त्याचा आफ्रिकी भाऊबंद, क्लॅरियस गॅरिपिनस, काही महिन्यांत किलोभर होतो, काहीही खातो, आणि संप्रेरकाला फार सहज प्रतिसाद देतो. एका मोठ्या मादीतून लाखाच्या घरात अंडी निघतात. थायलंडमध्ये तर स्थानिक मादी आणि आफ्रिकी नर यांचा संकर हाच मुख्य शेतीचा मासा झाला. हा आफ्रिकी मासा १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बांगलादेशमार्गे चोरवाटेनं भारतात आला आणि ‘थाई मांगूर’ म्हणून विकला जाऊ लागला. १९९७ मध्ये केंद्र सरकारनं त्याच्या पालनावर बंदी घातली, राष्ट्रीय हरित लवादानंही पुढे त्याविरुद्ध आदेश दिले. तरी ठाणे जिल्ह्यात, उजनीच्या काठी, मत्स्यव्यवसाय विभागाला तळ्यांवर धाडी घालून हे मासे नष्ट करावे लागले आहेत. कित्येक ठिकाणी तो कत्तलखान्याच्या टाकाऊ मांसावर पोसलेला सापडला.

या धाडींना विरोध करणारे शेतकरी मी समजू शकतो. पैसा गुंतलेला असतो, बी विकणाऱ्यानं ‘देशी’ म्हणून दिलेलं असतं. पण बंदी योग्यच आहे, आणि आपल्या जिल्ह्यात तर तिची गरज जास्त आहे. शेततळं अतिवृष्टीत ओसंडतं, पाणी नाल्याला लागतं, नाला नदीला. संभाजीनगर शहरातून वाहणारी खाम शेवटी गोदावरीलाच मिळते. आफ्रिकी मांगूर ओल्या जमिनीवरून सरपटत दुसऱ्या पाण्यात जाऊ शकतो. नाथसागर हे पक्षी अभयारण्य आहे, आणि त्याच पाण्यावर पैठण-गंगापूर-शेवगावकडच्या भोई कुटुंबांची जाळी अवलंबून आहेत. शिवडा, शिंगटा यांसारखे गोदावरीचे जुने मिशावाले मासे आधीच कमी झालेत. पाण्यात दिसेल ते गिळणारा, कुठल्याही पाण्यात तगणारा मासा एकदा त्या जलाशयात स्थिरावला तर त्याला बाहेर काढायचा उपाय जगात कुणालाच सापडलेला नाही.

आणखी एक धोका हॅचरीच्या आतच आहे. देशी नराचं वीर्य कमी पडतं, त्याला मारावंही लागतं, म्हणून देशी मादीच्या अंड्यांवर आफ्रिकी नराचं वीर्य टाकण्याचा मोह होतो. संप्रेरकानं निसर्गाचा जोडीदार निवडायचा पडदाच काढून टाकलेला असतो. ट्रेमध्ये अंडी आहेत, वीर्य आहे, मिसळलं की पिल्लं निघतात, आणि ती बोटुकलीच्या वयात मांगूरच दिसतात. मोठेपणी फरक कळतो: आफ्रिकीचं डोकं मोठं आणि रुंद, अंगावर संगमरवरासारखे ठिपके-डाग, डोक्यामागच्या हाडाचा आकार वेगळा. संकरात ही लक्षणं अर्धवट उतरतात आणि अनुभवी डोळाही फसतो. अशी पिल्लं तळ्यातून ओढ्यात गेली तर देशी मांगूरची शुद्ध वाणं आतूनच पुसली जातील.

म्हणून मराठवाड्यात मांगूरचं बी तयार करायचं असेल तर इंजेक्शनच्या परवडणाऱ्या किमतीपेक्षा प्रजनक कुठून आणले याचा पुरावा आधी हवा. भुवनेश्वरजवळच्या कौसल्यागंगा इथल्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेनं मांगूर हॅचरीचं तंत्र बसवलेलं आहे, प्रशिक्षणही मिळतं. प्रजनक खात्रीच्या ठिकाणाहून आणावेत, दोन-तीन नरांवर शेकडो माद्या निभावू नयेत, दर दोन वर्षांनी बाहेरचं रक्त आणावं, आणि कुठल्या मादीला कुठला नर वापरला याची वही ठेवावी. पैठणच्या केंद्रात कार्पची शिस्त आधीच आहे. त्याच्या शेजारी मांगूरसाठी दोन-चार टाक्या आणि अशी एक वही सुरू झाली, तर वाळूज-गंगापूरकडच्या शेततळ्यासाठी बोटुकली नैहाटीहून मागवावी लागणार नाही, आणि पिशवीत काय आहे हे घेणाऱ्याला सांगता येईल.